हिम सिंग (सगळ्यांनी मिळून चर्चची भक्तिगीतं गायची बैठक) ठेवतेयस ना, मग हे वाच

अगं पहिलं म्हणजे याला कार्यक्रम करू नकोस. स्टेज, माईक, कॉयर (वेगळा गायकवृंद) काही नको. मेनोनाईट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं सगळं वजन चार आवाजांत वाद्यांशिवाय गाण्यावर आहे आणि बाहेरून आलेला माणूस ऐकायला बसला की तो पाहुणाच राहतो, म्हणून खुर्च्या चौकोनात लाव, सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस समोरासमोर, आणि नवख्याला दोन पक्क्या गळ्यांच्या मधे बसव, बाजूच्याचं ऐकून आपोआप सूर लागतो.

व्हर्जिनियात शेनान्डोआ खोऱ्याकडे आहेस तर हार्मोनिया सॅक्राच्या बैठकीला एकदा जाऊनच ये. जोसेफ फंकने १८३२ साली काढलेलं पुस्तक, लोक अजून त्यातून गातात. नोटेशन बघून घाबरू नकोस, त्यात स्वर चिन्हाच्या आकारावरून ओळखायचा, गोल म्हणजे सोल, चौकोन म्हणजे ला, आधी नुसती सोल-फा अशी स्वरांची नावं म्हणून बघ, मग शब्द.

आणि हो, कोणीतरी "६०६" ओरडणारच!! तो १९६९ च्या हिम्नलमधला (गीतांच्या पुस्तकातला) "Praise God from Whom" या त्यांच्या लाडक्या गीताचा नंबर, १९९२ च्या पुस्तकात तेच ११८ झालं आणि २०२० च्यात ७०, पण जुनी मंडळी ६०६च म्हणतात. ते सुरुवातीला घेऊ नकोस, जुने सगळे पाठ म्हणतात आणि नवीन माणूस पान शोधत बसतो. आधी दोन-तीन सोपे राउंड (एकच चाल गटागटाने मागून सुरू करून गायची गाणी) घे.

प्रवचन तर अजिबात नको, पाहुणे लगेच सावध होतात. त्यापेक्षा पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) ठेव, खऱ्या ओळखी तिथेच होतात, आणि पुस्तकं चार जास्तीची काढून ठेव.