चित्रातील मजकुराचे ऑनलाइन भाषांतर नीट येत नाही. याहून चांगले सॉफ्टवेअर कोणते?

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे भाषांतर करतो आणि त्यांतील आकृत्यांवरचा मजकूर मला रोजच हाताळावा लागतो. त्या अनुभवावरून सुचवतो, की सॉफ्टवेअर बदलण्याआधी चूक नेमकी कुठे होते आहे ते पाहावे.

चित्र टाकले की भाषांतर एका दमात समोर येत असले, तरी आत सहसा तीन वेगळी कामे होतात: चित्रातील अक्षरे ओळखणे, म्हणजे ओसीआर; ओळखलेल्या मजकुराचे भाषांतर; आणि मूळ अक्षरे पुसून त्या जागी नवी बसवणे. माझ्या पाहण्यात बहुतेक घोटाळा पहिल्याच कामात होतो. एका पुस्तिकेत इंग्रजी ‘मॉडर्न’ या शब्दातील आर आणि एन ही अक्षरे इतकी चिकटून छापली होती, की ती मिळून एम वाचली गेली आणि ‘आधुनिक पंपा’ऐवजी चक्क ‘मोडेम पंप’ अवतरला. तो निदान हसून सोडता आला. दुसऱ्या एका आकृतीत २.५ मधले दशांशचिन्ह गळून २५ झाले होते, आणि वाक्य व्याकरणाने बिनचूक असल्यामुळे ती चूक माझ्या नजरेतून जवळजवळ निसटलीच होती. देवनागरीत तर शिरोरेषेमुळे अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे ती सुटी करून ओळखणे अधिक अवघड जाते. ‘ख’चा ‘रव’ आणि ‘घ’चा ‘ध’ होणे नित्याचे आहे.

म्हणून मी वाचन आणि भाषांतर ही कामे वेगळी करतो. गूगल लेन्सने मजकूर कॉपी करावा, किंवा चित्र गूगल ड्राइव्हवर ठेवून ते गूगल डॉक्समध्ये उघडावे, म्हणजे चित्राखाली त्यातील मजकूर मिळतो. तो मूळ चित्राशी, विशेषतः आकड्यांपुरता, ताडून पाहावा. चित्रात जागेअभावी तुटलेल्या ओळी जोडून वाक्ये सलग करावीत, कारण अर्धे वाक्य स्वतंत्र वाक्य समजले गेले की कर्ता एकीकडे आणि क्रियापद दुसरीकडे जाते. मगच तो मजकूर भाषांतराला द्यावा. गूगल ट्रान्सलेटच्या संकेतस्थळावर २०२३ पासून थेट चित्र टाकण्याचीही सोय आहे. नुसता आशय कळण्यापुरती ती पुरेशी आहे.

चित्र मात्र मूळ आकारातले घ्यावे. छापील कागद असेल तर ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात, सरळ स्कॅन करावा. मेसेजमधून फिरून आलेल्या चित्राचे बारीक टंक आधीच पुसट झालेले असतात.

भाषांतर पुन्हा चित्रात बसवायचे असल्यास ते मी हातानेच करतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत मजकुरासाठी ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ हा पर्याय निवडलेला नसेल, तर जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते (हे कळेपर्यंत मी बिचाऱ्या फॉन्टलाच दोष देत होतो).

ओळखपत्रे, वैद्यकीय अहवाल किंवा करार असल्या चित्रांसाठी ऑनलाइन सेवा मी वापरत नाही. टेसरॅक्ट हे २००५ पासून मुक्त स्रोत असलेले ओसीआर स्वतःच्या संगणकावर चालते, त्याला मराठीही वाचता येते, आणि मूळ कागद कुठेही पाठवावा लागत नाही.