सोलरची टाकी ३०४ की ३१६? आधी बोअरचं पाणी तपासा

ताई, चोपड्यात तुमचं मुलींचं वसतिगृह, त्यावर पाणी तापवायचं हजार लिटरचं सोलर बसवायचंय आणि तीन कोटेशन हातात आहेत. आतली टाकी २०२ ग्रेडच्या स्टीलची असेल तर १,१०,०००, ३०४एलची १,४०,०००, ३१६एलची १,९५,०००. विक्रेता म्हणतो, ‘पाणी जड आहे, ३१६च घ्या’, आणि त्यासाठी तुम्ही दोन लाखांची एफडी मोडायला निघालात.

ती एफडी मुलींच्या अनामत रकमेची आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मे महिन्यात खोल्या सोडताना मुली ती परत मागणार. तिला हात लावू नका.

आता स्टीलचं. नवे असताना तिन्ही पत्रे सारखेच चकाकतात. लोहचुंबकानेही कळत नाही, कारण २०२लाही तो धड चिकटत नाही. ३०४मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२मध्ये निकेल जवळपास निम्मं करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त. ३१६मध्ये निकेल थोडं जास्त, शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. ‘एल’ म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. वेल्डिंगच्या जोडाशी गंज लवकर धरतो, म्हणून एलच घ्या.

मॉलिब्डेनम लागतं ते क्लोराइडसाठी, म्हणजे पाण्यातल्या मिठासारख्या क्षारांतला जो भाग स्टीलला खातो त्यासाठी. तुमच्या बादल्यांवर बसतो तो पांढरा थर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, आणि त्यावरून क्लोराइड किती ते कळत नाही. (सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी हलकं करायचं यंत्रही गळ्यात मारतील. त्याने थर कमी होईल, क्लोराइड तसंच राहील.) ढोबळमानाने थंड पाण्यात ३०४ला लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्लोराइड चालतं. पाणी ६० अंशांच्या वर गेलं की तडे जायचा धोका वाढतो, म्हणून सोलरसाठी मी १००च धरतो. पिण्याच्या पाण्याला २५० चालतं, तेव्हा ‘आमचं पाणी गोड आहे’ हा पुरावा नव्हे. बोअरचं पाणी प्रयोगशाळेत द्या आणि क्लोराइडचा आकडा लेखी घ्या.

खान्देशात आणखी एक गोष्ट. मे महिन्यात मुली घरी, वर ऊन रणरणतं आणि टाकीत तेच पाणी दिवसेंदिवस तापत पडलेलं. टाकीचं खरं नुकसान थंडीत नाही, तेव्हा होतं. सुट्टीत सोलरच्या ऊन शोषणाऱ्या नळ्यांवर जाड कापड टाका आणि अधूनमधून पाणी बदला. फुकटचा उपाय आहे.

हिशोब असा: २०२ची टाकी चार वर्षांत गळली, तर वर्षाला २७,५०० पडले. ३०४एल दहा वर्षं चालली, तर १४,०००. ३१६एलला तेवढ्यात बसायला १४ वर्षं टिकावं लागेल, आणि तोवर नळ्या, स्टँड, पाइप बदलायची वेळ येईल ती वेगळीच. म्हणून आकडा १००च्या आत आला तर ३०४एल. २००च्या वर गेला तर ३१६एलचे ५५,००० जास्त द्यायला माझी हरकत नाही. मधल्या आकड्याला ३०४एल घ्या, पण उन्हाळ्याची काळजी सोडू नका. २०२ कुठल्याच आकड्याला नको.

पैशांचं म्हणाल तर बचत खात्यात ६०,००० आहेतच. गरम पाणी लागणार दिवाळीनंतर. जून-जुलैची फी जमा झाली की सप्टेंबरमध्ये घ्या, कर्जही लागणार नाही. ऑफर संपतेय म्हणून विक्रेता घाई करेल; करू द्या. बिलावर नुसतं ‘एसएस टाकी’ नको. ग्रेड आणि पत्र्याची जाडी लिहून घ्या, स्टीलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, आणि वॉरंटीच्या कागदात क्लोराइडची अट किती मिलिग्रॅमची आहे ते आगाऊ रक्कम देण्याआधी वाचा.