आठ टक्क्यांसाठी कॅल्गरी?

तुम्ही नाशिकहून विचारलंत: कॅनडाचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) हातात आहे, मुलगी चार वर्षांची, मामेभाऊ ऑन्टॅरिओ प्रांतातल्या मिसिसागात, पण अल्बर्टा प्रांतात सेल्स टॅक्स नाही, तर थेट तिथल्या कॅल्गरीलाच उतरावं का? दोन ओळी लिहून झोपणार होते. पण २०१८ मध्ये आम्ही मिसिसागाहून कॅल्गरीला आलो ते हेच गणित मांडून, म्हणून झोप गेली.

अल्बर्टात टॅक्सच नाही असं नव्हे. केंद्राचा पाच टक्के जीएसटी सगळ्या देशात आहे, अल्बर्टात फक्त प्रांताचा वेगळा नाही. ऑन्टॅरिओत दोन्ही मिळून तेरा टक्के एचएसटी, म्हणजे अल्बर्टापेक्षा आठ जास्त. अल्बर्टाशेजारच्या सस्कॅचेवान प्रांतात पाचावर सहा, क्वेबेकमध्ये पाचावर ९.९७५. नोव्हा स्कोशियात पंधरा होता, एप्रिल २०२५ पासून चौदा झाला. लॉइडमिन्स्टर नावाचं एक गाव तर अल्बर्टा आणि सस्कॅचेवानच्या सीमेवर दोन्हीकडे पसरलंय. एकीकडची दुकानं ओस पडू नयेत म्हणून तिथं सस्कॅचेवानच्या बाजूलाही बहुतेक खरेदीवर प्रांताचा टॅक्स घेत नाहीत. मला आमचे सांगलीचे काका आठवतात. कर्नाटकात निपाणीकडे काम निघालं की ते पेट्रोलची टाकी तिकडेच भरून यायचे.

सांगलीत आमचं किराणा दुकान. एमआरपी म्हणजे त्यात सगळं आलं, हे अंगात मुरलेलं. इथे लेबलवर टॅक्स धरलेला नसतो. पहिल्याच आठवड्यात दहाची नोट घेऊन ९.४९ चा डबा घ्यायला गेले, काउंटरवर झाले १०.७२. मागे रांग. डबा परत ठेवला आणि घरी येऊन रडले. बहात्तर सेंटांसाठी! दुकानदाराची मुलगी मी.

आता तुमचे आठ टक्के. ते सगळ्या खर्चावर वाचत नाहीत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. घरभाड्यावर हा टॅक्स नाही. तांदूळ, डाळ, दूध, भाजी यांवर नाही. डॉक्टरनं लिहून दिलेल्या औषधांवर नाही. लहान मुलांचे कपडे, डायपर, पुस्तकं यांवर ऑन्टॅरिओतही पाचच टक्के. (डोनट सहा घेतले तर किराणा, टॅक्स नाही; पाच घेतले तर टॅक्स. आमच्या बाबांना हे फोनवर सांगितलं तर ते दोन दिवस हसत होते.) राहिलं काय? फर्निचर, फोन, हॉटेलात खाणं, मोठ्यांचे कपडे, गाडी. महिन्याला अशी हजार डॉलरची खरेदी धरा, वाचले ऐंशी. गाडी घेताना मात्र फरक खरोखर जाणवतो. पण अल्बर्टात घेऊन ऑन्टॅरिओत नोंदवायची हुशारी करू नका, नोंदणीच्या वेळी उरलेला टॅक्स भरावाच लागतो. आमची जुनी गाडी आम्ही इकडे आणली, तर परप्रांतातली म्हणून वेगळी तपासणी, तिचे पैसे, मग दुरुस्ती.

इन्कम टॅक्सही बघा. आम्ही आलो तेव्हा प्रांताचा सगळ्यात खालचा दर अल्बर्टात दहा टक्के होता, ऑन्टॅरिओत ५.०५. करमुक्त मर्यादा अल्बर्टात मोठी आहे, त्यामुळे सरळ तुलना करू नका. पण एका हातानं सोडलेलं दुसऱ्या हातानं घेतात, एवढं धरून चाला. आणि जीएसटीचे काही पैसे कमी उत्पन्नवाल्यांना परत मिळतात, त्याचा फॉर्म: मूल असेल तर आरसी६६. मी कोणाचं तरी ऐकून मूल नसलेल्यांचा आरसी१५१ भरला. मग पत्र, परत फॉर्म, यांच्या पुण्याच्या पगाराचे रुपयांचे डॉलर करून आकडे, परत पत्र. सहा महिने गेले.

शाळेचं तुम्ही विचारलंच नाहीत. मीही विचारलं नव्हतं. ऑन्टॅरिओत चौथ्या वर्षापासून दोन वर्षं पूर्ण दिवसाची सरकारी बालवाडी, फुकट. अल्बर्टात एकच वर्ष, तीही बहुतेक ठिकाणी अर्धा दिवस. वाचलेले ऐंशी डॉलर डेकेअरनं आठवडाभरात गिळले. ते जाऊ दे. मिसिसागात आमच्या मुलीच्या वर्गात एक मराठी मुलगी होती, दोघी डब्यातलं थालीपीठ वाटून खायच्या. इकडे आल्यावर आमची चार महिने वर्गात एक शब्द बोलली नाही. शाळेनं लिहून दिलं, इंग्रजी कच्चं आहे. अहो, घरी बाहुलीला ती इंग्रजीतच रागवायची! तिला येत होतं, बोलायचं नव्हतं. मी त्या कागदावर मुकाट्यानं सही केली. त्या सहीचा राग आजही येतो, शाळेपेक्षा स्वतःचाच जास्त.

एकटेपणाचं विचारलंत. येतो. बूट चांगले घ्या, बाहेर पडत राहा.

आणि एक. टॅक्ससाठी आलो असं आम्ही सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे यांचं काम सुटलं होतं, आणि मिसिसागातल्या ओळखीच्या घरांत दर शनिवारी "मग, मिळालं का कुठे?" ऐकायची माझी ताकद संपली होती. आठ टक्के हे सांगायला सोपं कारण होतं. मुलगी आता सातवीत आहे. परवा दुकानात पावती बघून तिनं विचारलं, "आई, तिकडे हेच कितीला पडलं असतं?" मी हिशेब करून सांगितला. तिनं पावती घडी करून स्वतःच्या खिशात ठेवली.