पालकांना बोलावण्याआधी त्याला एकट्याला भेटा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आठवीतला मुलगा, सहामाहीपर्यंत सारखा हात वर करणारा, आता वाचायला उभं केलं की मान खाली घालून गप्प. सगळ्यांदेखत रागावलात तर पुस्तक आपटून बाहेर गेला. पालकांना बोलावू का, असं तुम्ही विचारलंय.

मी इंदुरातच तीस वर्षं सातवी-आठवीला हिंदी शिकवलं. असाच एक मुलगा माझ्या वर्गात होता, रामबागेतला. गणपतीत तो आरती म्हणायला लागला की रस्त्यावरची माणसं थांबायची. त्या वर्षी दिवाळीनंतर मी त्याला कविता वाचायला उभं केलं. दुसऱ्याच ओळीला आवाज चिरकला, वर्ग हसला, तो थांबला. मी म्हटलं, पुढे वाच. तो गप्प. मला तो हट्ट वाटला. पूर्ण तास उभं ठेवलं आणि डायरीत शेरा लिहिला, ‘उद्धट आहे.’ त्या शेऱ्यापायी घरी त्याला मार बसला, हे त्याच्या आईनं मला कित्येक वर्षांनी सांगितलं. दहावीपर्यंत तो माझ्यापुढे तोंडातून शब्द काढत नव्हता. गणपतीत तर पुन्हा कधीच गायला नाही.

त्याचा आवाज फुटत होता, एवढंच. स्वरतंतू लांब आणि जाड होतात, काही महिने आवाज ताब्यात राहत नाही. बी.एड.ला किशोरावस्थेवर पानंच्या पानं लिहून मी मार्क मिळवले होते, आणि समोर उभ्या मुलात ती मला दिसली नाही.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये ‘काल्पनिक प्रेक्षक’ ही कल्पना मांडली. या वयात मुलांना वाटतं, सगळे आपल्याकडेच बघताहेत. आपण तर त्यांच्यापुढे खरेच पन्नास प्रेक्षक बसवतो! म्हणून माझं ठाम मत: चौदा वर्षांच्या मुलाला वर्गापुढे सुनावणं म्हणजे त्याला गमावणं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे, हे स्टाफरूममध्ये कितीजण लक्षात ठेवतात?

मुलींचंही पाहा. फळ्यापाशी यायला नाही म्हणाली तर पाळी आली असेल. कारण विचारू नका, जागेवरूनच उत्तर घ्या. आणि सकाळच्या शाळेत पहिल्या तासाला पेंगणारा प्रत्येकजण आळशी नसतो. या वयात झोप येण्याची वेळच उशिरा सरकते, गरज मात्र आठ ते दहा तासांची असते.

तुमच्या मुलाच्या बाबतीत कारण आवाजच असेल असं मी म्हणत नाही, मी डॉक्टरही नाही. घरचा ताण असेल, कुणी छळत असेल. जेवण-झोप तुटली असेल, मरणाची भाषा करत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका. त्याला एकटं सोडू नका, लगेच घरच्यांना कळवा आणि डॉक्टरांना दाखवा. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही जवळ ठेवा.

तसं काही नसेल तर उद्या वह्या उचलायच्या निमित्तानं त्याला बाहेर न्या. चालता चालता बोला, समोर बसवून नको. आधी तुम्हीच म्हणा, ‘मी सगळ्यांसमोर बोलले, ते चुकलं.’ मी माझ्या त्या मुलाला हे कधी म्हटलं नाही. पालकांना बोलवायचंच ठरलं तर का बोलावताय ते त्याला आधी सांगा, त्यालाही शेजारी बसवा आणि डायरीत फक्त घडलं तेवढंच लिहा.