चाळीस सिटिंगचा ऑक्सिजन

प्रश्न : आमचा मुलगा साडेचार वर्षांचा, स्वमग्न आहे. स्पीच थेरपी चालू आहे. आता एका केंद्राने हायपरबॅरिक ऑक्सिजनची, म्हणजे बंद चेंबरमध्ये जास्त दाबाखाली ऑक्सिजन देण्याची, ४० सिटिंग सुचवली आहेत. चेंबर फुगवायचे, दाब नेहमीच्या हवेच्या १.३ पट, रोज एक तास. दागिने गहाण ठेवून करावे का?
— एक आई, फोंडा

उत्तर : ताई, दागिने कपाटातच राहू द्या.

हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. दाब १.३ पट केला की शरीराला तो साधारण २७ टक्क्यांइतका मिळतो. एवढा तर इस्पितळात नाकातल्या साध्या नळीनेही देतात. शिवाय फुप्फुसे धड असतील तर मुलाच्या रक्तातले हिमोग्लोबिन आधीच ऑक्सिजनने ९७-९८ टक्के भरलेले असते. खरा हायपरबॅरिक उपचार म्हणजे पोलादी चेंबर, शुद्ध ऑक्सिजन आणि दोन ते तीन पट दाब. गोव्यातल्या ग्रँड आयलंडला समुद्रात बुडी मारून घाईने वर आलेल्या डायव्हरला किंवा मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमेला तो लागतो.

तुम्हाला बहुधा २००९चा अमेरिकी अभ्यास दाखवला असेल : ६२ मुले, १.३ पट दाब, ४० सिटिंग, आणि सुधारणा. पण २०१०मध्ये त्याच दाबाच्या ८० सिटिंगनंतरही फरक आढळला नाही. २०१२मध्ये थायलंडात ६० मुलांवर १.५ पट दाबाने प्रयोग झाला. निम्म्यांना नुसती हवा, किंचित दाबाने. दोन्ही गटांतल्या पालकांना मूल सारखेच सुधारलेले वाटले! आईबाप आशेने पाहतात, मूलही त्या काळात वाढतच असते. खोटे कुणीच बोलत नाही.

धोका मात्र खरा आहे, आणि सगळ्यात आधी कानाला. दाब वाढताना पडदा आत ओढला जातो. मोठा माणूस आवंढा गिळून कान मोकळा करतो. ज्याला सांगता येत नाही ते मूल नुसते किंचाळते. ती बंद जागेची भीती समजून दाब वाढवत नेला तर पडदा फाटतो. तेव्हा दाब तिथेच थांबवून थोडा उतरवायचा, पाणी पाजायचे. सर्दी असेल त्या दिवशी सिटिंग नाहीच. फिट येत असतील तर जोखीम आणखी वाढते. शुद्ध ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये आगीचे भय : डोक्याला खोबरेल, अंगात टेरिलीनचा शर्ट, हातात बॅटरीचे खेळणे, यातले काहीही चालत नाही. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेत मिशिगनला अशाच आगीत पाच वर्षांचा मुलगा गेला.

कानाची बेरा तपासणी (मुलाला नीट ऐकू येते का हे पाहणारी) झाली नसेल तर ती आधी करा. स्पीच सोडू नका, जोडीला ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे स्वतः करायला शिकवणारी) घ्या. अपंगत्वाचा दाखला काढून केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ विम्यात नाव घाला. त्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण असून थेरपीचा खर्चही बसतो.

आणि चेंबरचा तो तास घरी द्या. केळ्याचे काप वाटीत घेऊन मुलासमोर जमिनीवर बसा. एकच काप द्या, वाटी तोंडाजवळ धरा, मनात दहा अंक मोजा. त्याने पाहिले, हात पुढे केला किंवा ‘दे’सारखा काही आवाज काढला की लगेच ‘दे’ म्हणत दुसरा काप द्या. रडेपर्यंत ताणू नका. दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, आणि आज काय जमले ते स्पीच थेरपिस्टना दाखवायला वहीत लिहा.