रडणारा थेंब पुसा, पाण्याची पोथी काढा

प्रश्न : बाई, मी धाराशिव जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवतो. दरवर्षी 22 मार्चला, जलदिनानिमित्त, 'पाणी वाचवा' ही चित्रस्पर्धा घेतो. सगळ्यांचं चित्र एकच : नळ, त्याखाली डोळे असलेला रडका थेंब आणि भेगाळलेली जमीन. मग तीच मुलं नळ सोडून ब्रश धुत गप्पा मारत उभी राहतात. चित्रातून, गोष्टीतून पाण्याचं मोल मुलांना कळतं का? कळावं म्हणून काय करू?

उत्तर : गुरुजी, तो थेंब मला चांगला ठाऊक आहे. लातूरच्या शाळेत मी 31 वर्षं चित्रकला शिकवली. सुरुवातीला मीच तो फळ्यावर काढून द्यायचे. पण तो थेंब ना कुठल्या विहिरीतला, ना कुणाच्या घरच्या नळाचा. मूल त्याला रंग देतं आणि विसरून जातं. म्हणून सरसकट पाण्याबद्दल सांगणं थांबवा. एका ठरावीक पाण्याची, ठरावीक दिवसाची गोष्ट मुलांकडूनच काढून घ्या.

मला हे 2016 ने शिकवलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या गाडीला 10 टाक्या होत्या, त्यांत पाच लाख लिटर पाणी. सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा मी सातवीला हा हिशेब घातला. 2011 च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या पुढे होती. मग त्या गाडीतलं माणशी किती? सव्वा लिटरच्या आसपास. मी तेवढं पाणी मोजून पातेल्यात ओतलं आणि ते पातेलं टेबलावर ठेवलं. वर्गात कुणी बोलेना. मग एक मुलगा हळूच म्हणाला, "बाई, एवढ्यात तर माझं तोंडबी धुऊन होत न्हाई."

त्या दिवशी मी विषय दिला नाही, फक्त विचारलं : त्या उन्हाळ्यात तुमच्या घरी पाणी आलं त्या दिवसाचं काय आठवतं? एका मुलीनं नुसते पायच काढले, रांगेतले. कुणाच्या पायांत स्लिपर, कुणाचे अनवाणी, मध्ये हंडे. एकानं टँकरची मागची बाजू काढली, तिच्यावर गाडीचा नंबर बिनचूक. एकीनं रात्र काढली : अख्खा कागद काळा, कोपऱ्यात मोबाइलच्या उजेडात नळापाशी बसलेली आई. एवढ्या चित्रांत रडणारा थेंब एकही नव्हता.

तुमची मुलं तेव्हा जन्मलीही नसतील, नाहीतर तान्ही असतील. म्हणून त्यांना आजी-आजोबांकडे पाठवा. मात्र 'आजी, दुष्काळाबद्दल सांग' असं विचारायला लावू नका, आजी दोन वाक्यांत आटोपेल. प्रश्न बारीक द्या. आडावर पोहरा कुणाचा होता? चऱ्हाट तुटलं की काय करायचे? घरातल्या रांजणाला हात लावायची मुभा कुणाला होती? आंघोळीचं पाणी पुढे कुठं जायचं? आजी मग खुलून बोलते, आणि नातवाला पहिल्यांदाच कळतं की न्हाणीचं पाणी अळवाला जायचं.

या गोष्टी चित्रकथीच्या रीतीनं मांडा. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर कलावंतांनी ही कला जपली आहे. एकेक चित्र समोर धरायचं आणि त्याची कथा गाऊन सांगायची. अशा चित्रांच्या संचाला ते पोथी म्हणतात. तुमच्या वर्गाचीही एक पोथी होऊ द्या. एका मुलाचं एक पान. ते पान उभं धरून त्यानं बोलायचं, पाठ केलेलं नाही, आजीच्या तोंडून ऐकलेलं. लाजणारं मूल कागदाआड तोंड लपवून का होईना, बोलतं. हे मी कितीदा पाहिलं आहे.

रंगांचंही सांगते, कारण तुमचा ब्रशचा नळ तिथेच बंद होणार आहे. शेतातली काळी माती वस्त्रगाळ करा. गेरू, हळद, चुना आणि काजळी घ्या. बाभळीचा डिंक आदल्या रात्री भिजत घाला, त्यात रंग कालवा. चुन्याला तेवढा तुम्हीच हात लावा, मुलांना देऊ नका. प्रत्येकाला अख्ख्या चित्रासाठी अर्धी वाटी पाणी. संपलं तर शेजाऱ्याकडे मागायचं, नळाकडे जायचं नाही. पहिल्या दिवशी भांडणं होतील, होऊ द्या. दुसऱ्या दिवशी मुलं आपणच आधी हळद, मग गेरू, शेवटी काजळी असा क्रम लावतात, म्हणजे ब्रश कमी धुवावा लागतो. मी हे सांगितलं नव्हतं, चौथीच्या मुलांनी शोधलं.

पोथीचं शेवटचं पान पावसासाठी कोरं ठेवा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, एवढं चौथीच्या मुलाला नक्की समजतं. शाळेच्या पत्र्याची लांबी-रुंदी मुलांकडून मोजून घ्या. 10 मीटर बाय 6 मीटरचं छप्पर असेल, तर 20 मिलिमीटरच्या एका सरीत त्यावर 1,200 लिटर पाणी पडतं. ते सध्या कुठं जातं, हे पावसात उभं राहून मुलांनीच पाहावं आणि मग ते पान भरावं.

स्पर्धा मात्र बंद करा, ही माझी कळकळीची विनंती. आईची रात्र काढणाऱ्या मुलीला दुसरा नंबर कसा द्यायचा? आणि भीती घालू नका. 2016 मध्येच पुढे परतीच्या पावसानं मांजरा भरलं, तेही पान पोथीत हवं.

प्रश्न : आम्ही मुंबईत राहतो. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. आमच्याकडे नळाला पाणी नाही असं कधी होत नाही. त्याला टंचाईची गोष्ट कशी सांगू?

उत्तर : टंचाईची नकोच, आधी येण्याची गोष्ट सांगा. त्याला विचारा, नळाच्या आत पाणी कुठून येतं? मग त्याचा हात धरून इमारतीच्या टाकीपर्यंत जा. तिथून पुढे गोष्ट तुमची. मुंबईला पाणी देणारी सात तळी आहेत : तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा आणि अप्पर वैतरणा. नावं कशी गोष्टीतल्या सात बहिणींसारखी आहेत! रोज रात्री एका बहिणीची गोष्ट सांगा आणि सकाळी तिचं चित्र काढून घ्या. धाकट्या तुळशीपासून सुरुवात करा, ती शहरातच आहे, बोरिवलीच्या जंगलात.

भातसाच्या रात्री मात्र खरं तेच सांगा. ती ज्या शहापूर तालुक्यात आहे, तिथल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पाच वर्षांचं मूल लगेच विचारेल, "मग ते तिथलंच पाणी का पीत नाहीत?" उत्तर देण्याची घाई करू नका. त्याला भातसा काढू द्या, शेजारी पाडा काढू द्या, आणि दोघांच्या मधे तो काय काढतो ते मला नक्की कळवा.