चित्रकार तिथेच बसलेला असतो

वाचकांचे प्रश्न, निवृत्त चित्रकला शिक्षिकेची उत्तरं

पाऊस ओसरला की मुंबईत प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचाही. या खेपेची बहुतेक पत्रं काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनाबद्दल आहेत. त्यामुळे जलरंगाच्या कागदाला बुरशी लागते त्याचं काय करावं, हे विचारणाऱ्या ताईंनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी.

प्रश्न : आम्ही दोघं पेन्शनीच्या कामाला फोर्टात जातो. जहांगीरच्या दारावरून कितीदा गेलो, पण आत पाऊल टाकायला संकोच वाटतो. तिकीट असतं का? गेलो आणि काहीच घेतलं नाही तर वाईट दिसतं का?
– एक आजोबा, डोंबिवली

तिकीट नाही. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, सरळ आत जायचं. दारातला रखवालदार तुमच्या चपलांकडे बघत नाही, उगीच घाबरू नका. ही जागा 1952 साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिली. त्यांच्यामागे लकडा लावणाऱ्यांत चित्रकार के. के. हेब्बर होते आणि होमी भाभाही होते. हो, तेच अणुशास्त्रज्ञ! ते स्वतः चित्रं काढत. चित्रकारांना भिंत मिळावी आणि लोकांना चित्रं बघता यावीत, एवढ्यासाठी सगळा खटाटोप झाला. त्यातले 'लोक' म्हणजे तुम्हीच, आजोबा.

आता वार नीट लक्षात ठेवा. इथलं प्रदर्शन साधारण मंगळवारी लागतं आणि पुढच्या सोमवारी उतरतं. मंगळवारी संध्याकाळी उद्घाटन असतं. समई, पुष्पगुच्छ, चित्रकाराची आत्या, आत्याचे शेजारी... त्या गर्दीत चित्र दिसत नाही, फक्त माणसं दिसतात. सोमवारी दुपारनंतर चित्रकाराचं लक्ष बबल रॅपकडे लागलेलं असतं. बुधवार किंवा गुरुवारची दुपार धरा. दालनं एकाहून जास्त आहेत आणि प्रत्येकात वेगळा चित्रकार, म्हणजे एका फेरीत चार-पाच जणांचं काम बघून होतं.

विकत घ्यायचं म्हणाल, तर येणाऱ्यांतले बहुतेक जण काहीच घेत नाहीत. चित्रकाराला ते ठाऊक असतं. दालनात कोपऱ्यातल्या खुर्चीवर दमलेला चेहरा दिसेल, तोच तो. आठवडाभर ती जागा त्याने भाड्याने घेतलेली असते आणि सातही दिवस तो तिथे बसून असतो. मोठ्या खाजगी गॅलरीत हे सुख नाही, तिथे चित्रकार उद्घाटनाला दिसला तर दिसला. जहांगीरमध्ये तुमचा प्रश्न घेऊन थेट कर्त्यापाशी जाता येतं. शाळेची मुलं घेऊन जायचे तेव्हा मी त्यांना चित्रांआधी त्या खुर्चीकडे पाठवायची.

(जाता जाता : जहांगीरमधल्या समोवारमध्ये पुदिन्याचा चहा घेऊ म्हणाल, तर ते उपाहारगृह 2015 सालीच बंद झालं. आमची पिढी अजून तिथल्या पराठ्यांच्या आठवणी काढते.)

प्रश्न : मोठा कॅनव्हास, सगळा करडा. खाली किंमत अडीच लाख. मुलगा म्हणाला, "आई, हे तर मीपण करीन." मला उत्तर सुचलं नाही. अशा चित्रात बघायचं तरी काय?
– एक वाचक, नाशिक

मुलाला म्हणावं, कर. खरंच सांगते, एक रविवार त्याला करड्या रंगाचे दोन डबे आणि पुठ्ठा द्या. दुपारपर्यंत त्याला कळेल की सलग करडा रंग सलग राहत नाही. कुठे ओघळतो, कुठे ढगाळ होतो, कुठे खालचा थर वर डोकावतो.

अमूर्त, म्हणजे ओळखू येईल असं काही न काढणारे, चित्रकार वासुदेव गायतोंडे हेच करत बसले होते. रोलर आणि पॅलेट नाइफने (रंगाच्या बोथट सुरीने) रंग लावायचा, खरवडायचा, पुन्हा लावायचा, थर जिरू द्यायचे. वर्षाकाठी त्यांच्या हातून मोजकीच चित्रं व्हायची. त्यांच्या एका चित्राला 2015 साली मुंबईच्या लिलावात 29.3 कोटी रुपये आले, पण ही रक्कम मुलाला सांगू नका. तो चित्र सोडून शून्यं मोजत बसेल. किंमत जास्त म्हणून चित्र चांगलं, असं मी कधी कुणाला शिकवलं नाही.

बघायचं कसं? आधी समोरून, मग बाजूने, भिंतीला जवळजवळ गाल लावून. तिरप्या उजेडात थर दिसतात. कॅनव्हासची कड बघा, पोटातले रंग तिथे उघडे पडतात. आणि मग खुर्चीकडे जा. "याचा अर्थ काय?" असं विचारलंत, तर चित्रकार कॅटलॉगमधली वाक्यं म्हणून दाखवील, त्यात 'अस्तित्व' आणि 'अवकाश' हमखास येतील. त्यापेक्षा विचारा, "हे केलंत कसं? आधी कुठला रंग लावलात? थांबलात कधी?" माणूस खुलतो. कधीकधी या प्रश्नांना उत्तरच नसतं. तेव्हा समजा, करड्यामागे करडंच आहे. न आवडण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि हे फक्त अमूर्ताला लागू नाही बरं का. घोडे, बुद्धाचे मिटलेले डोळे, बनारसचे घाट ही तीन प्रदर्शनं आलटून पालटून लागत असतात. घाटांच्या पायऱ्या मला आता पाठ आहेत. चित्र ओळखू आलं म्हणजे कळलं असं समजून आपण तिथे प्रश्न विचारत नाही. विचारायला हवेत.

प्रश्न : अभिप्रायाच्या वहीत सगळे "खूप सुंदर, पुढील वाटचालीस शुभेच्छा" लिहितात. मीही तेच लिहिते. दुसरं काय लिहावं?
– एक गृहिणी, विलेपार्ले

एका चित्राचं नाव किंवा नंबर लिहा आणि त्यातली एक जागा. "डावीकडच्या भिंतीवरच्या तिसऱ्या चित्रात खिडकीचा निळा." बस. रात्री वही चाळताना शुभेच्छांची पानं चित्रकार भराभर उलटतो, तुमच्या ओळीवर थांबेल.

प्रश्न : मुलीचं जी. डी. आर्ट (चित्रकलेची पदविका) झालं. तिला जहांगीरलाच प्रदर्शन करायचंय. आम्ही सोलापूरचे. खर्च झेपेल का?
– एक वडील

अर्ज आत्ताच करू द्या, कारण तिथली रांग काही वर्षांची असते. कामाचे चांगले फोटो लागतात, मोबाइलवर पंख्याखाली काढलेले नकोत. दरम्यान दोन दारं आहेत. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुलांसाठी जहांगीरचाच मान्सून शो असतो, निवड झाली तर मोठं काम होतं. दुसरं, कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन, त्यात विद्यार्थी आणि कलावंत असे वेगळे विभाग असतात.

खर्चात लोक फक्त भाडं धरतात आणि तिथेच फसतात. फ्रेम, टेम्पो, छपाई, आठवडाभर मुंबईत राहणं-खाणं मिळून भाड्याला मागे टाकतं. चार मैत्रिणींनी मिळून ग्रुप शो केला तर वाटून जातं, खुर्चीवरही पाळीपाळीने बसता येतं. चित्रं टांगताना प्रत्येकाचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर ठेवा. वरची कड जुळवायच्या नादाला लागू नका.

पण मुंबईच का? पुण्याला बालगंधर्वचं कलादालन आहे, कोल्हापूरला शाहू स्मारक भवन आहे. ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी 2008 च्या सुमारास समकालीन भारतीय चित्रांचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांतून नेलं होतं. आपल्याकडचे लोक असली चित्रं बघणार नाहीत, हे मुंबईकरांनीच ठरवलेलं असतं. मुलीचं पहिलं प्रदर्शन सोलापुरात झालं तर तिचे जुने चित्रकलेचे सर येतील, रंगांचा दुकानदार येईल, आणि ते अवघड प्रश्न विचारतील. मुंबईच्या खुर्चीवर बसण्याआधी तेवढी तयारी झालेली बरी. एखाद्या चित्राखाली लाल टिकली, म्हणजे विकल्याची खूण, लागलीच, तर टेम्पोचं भाडं सुटेल.

प्रश्न : फोटो काढले तर चालतात का?
– एक कॉलेजकुमार, ठाणे

विचारून काढ, फ्लॅश नको. आणि पाठीवरची सॅक पुढे घे. पुष्कळ जण तैलरंगाचं शेवटचं चित्र आदल्या आठवड्यात संपवून आणतात, ते आतून ओलं असतं. सेल्फीसाठी मागे सरकलास तर चित्राचं नुकसान होईलच, वर तुझी सॅकही रंगेल.